व्हाया म्हसळा

जोगळेकरभाऊ हल्ली बटाटा खातात. डब्यात बटाट्याची भाजी दिली तर डबा चाटूनपुसून परत येतो, आणि तो रिकामा डबा बघून मला वाईट वाटतं. तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याने भाजी संपवली म्हणून वाईट वाटून घेणारी ही कोण बाई! पण तुम्ही भाऊंना आधी पाहिलेलं नाही.

आधी, म्हणजे त्यांच्या बायको नलूताई होत्या तेव्हा, भाऊ बटाट्याला शिवत नसत. पथ्य म्हणून नाही, उपास म्हणून नाही. कारण विचारलं तर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "वहिनी, तो अजून पोचलेला नाही." कुठे पोचलेला नाही, तर इटलीत. कधी, तर पाचशे वर्षांपूर्वी. नवराबायको मिळून जुन्या काळच्या इटलीवरच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणायचे. जोवर एक कादंबरी हातात आहे तोवर तिच्यातल्या माणसांनी जे डोळ्यांनी पाहिलेलं नाही ते आपण तोंडात घालायचं नाही, असा भाऊंचा नेम होता. बटाटा बाद, टोमॅटो बाद, मका बाद. मिरचीसुद्धा बाद, म्हणजे कोकणात राहून आमटीला मिरी! नारळाला मात्र सूट होती. "त्यांनी नाव ऐकलेलं असणार," असं भाऊ त्याचं समर्थन करायचे. चहाचं काय, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. तर म्हणाले, "चहा हे खाणं नव्हे." नेम करावा तर असा करावा.

आमचं घर हरिहरेश्वरला, देवळाकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चार खोल्या पर्यटकांना देतो. जेवणखाण मी बघते आणि बाकीचं आमचे हे बघतात, निदान तसं त्यांना वाटतं. मधे दगडांचा कमरेएवढा गडगा आणि पलीकडे जोगळेकरांचं घर. ते खरं नलूताईंचं माहेर. भाऊ कॉलेजातून निवृत्त झाल्यावर दोघं मुंबईहून इथे येऊन राहिली. मूलबाळ नाही. ट्रकभर सामान आलं त्यात अर्ध्याहून अधिक पुस्तकं होती. ती उतरवताना आमच्या ह्यांची कंबर धरली, ती अजून अधूनमधून धरते.

त्यांचं काम चालायचं ते असं. नलूताईंना इटालियन उत्तम यायचं. मुंबईत एका इटालियन कंपनीच्या कचेरीत त्यांनी उभा जन्म नोकरी केली, कामासाठी दोनचारदा तिकडे जाऊनही आल्या. भाऊंना इटालियनचं ओ की ठो कळत नव्हतं. ते इंग्रजीचे प्राध्यापक. रोज सकाळी दोघं ओटीवर बसत. नलूताई झोपाळ्यावर, मांडीवर पुस्तक. भाऊ खाली चटईवर, पुढ्यात लॅपटॉप. नलूताई इटालियन ओळ मनात वाचायच्या, मोठ्याने मराठीत सांगायच्या आणि भाऊ त्या मराठीचं इंग्रजी करायचे. म्हणजे इटलीहून निघालेलं वाक्य आमच्या आळीत हातपाय धुऊन मग लंडनला जायचं.

आमच्याकडे मुंबईची एसटी येते ती म्हसळ्यावरून. भाऊंनी गाडीच्या पाटीवरचे शब्द उचलले. एखादी म्हण अडली की गडग्याच्या अलीकडे ऐकू यायचं, "नलू, थेट नको. व्हाया म्हसळा आण." मग नलूताई आधी ती म्हण शब्दाला शब्द सांगायच्या, मग त्या जागी आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायच्या. त्यांच्याकडे आईच्या तोंडच्या म्हणींचा मोठा साठा होता. "थेट गाडीने आलेल्या म्हणीला कसलाच वास नसतो वहिनी," भाऊ मला समजवायचे. "वाटेत कुठेतरी उतरून तिने पाय मोकळे केले पाहिजेत."

सगळं जग म्हणजे एक गावच, अशा अर्थाचं काहीतरी इटालियन लोक म्हणतात म्हणे. नलूताई म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली. भाऊंनी चूल तशीच ठेवली. झालं! पाचशे वर्षांपूर्वीचा तिकडचा एक दर्यावर्दी व्यापारी इंग्रजीत मातीच्या चुलीच्या गोष्टी करू लागला. लंडनच्या संपादकबाईंनी कळवलं की भाषेला अस्सल जुन्या इटलीचा वास आहे. भाऊ मला ते सांगताना हसून हसून गडग्यावर आडवे झाले. "अहो, तो नलूच्या आईच्या स्वयंपाकघराचा वास!" नलूताई झोपाळ्यावरून शांतपणे म्हणाल्या, "हसा. आईला एक पैसा मिळाला नाही त्याचा."

भाऊंचा दुसरा छंद म्हणजे लोकांच्या बोलण्यातला काळ तपासणे. आमचे हे एकदा कोणाबद्दल तरी म्हणाले, "त्याची बॅटरी उतरलीय." भाऊंनी तिथल्या तिथे पकडलं. "बॅटरी नको. दिव्यातलं तेल संपलं म्हणा." पुढे कितीतरी दिवस आमचे हे पर्यटकांच्या मोबाइलचंही तेल संपलं म्हणायचे. एकदा तर एका पाहुण्याने खरोखर स्वयंपाकघरात येऊन, काका कुठलं तेल मागतायत, असं मला विचारलं.

आणि म्हण दिसली की ती करून बघायची. एका दुपारी भाऊ गडग्यावरून वाकून म्हणाले, "वहिनी, कालची कढी उरलीय का?" मला वाटलं बिचाऱ्यांना भूक लागली असेल. तर तसं नाही. कादंबरीतली एक विधवा वर्षांनी परत आलेल्या जुन्या प्रियकराला नकार देत होती. पुन्हा गरम केलेलं सार गोड लागत नाही, असं इटालियनमध्ये होतं. नलूताईंनी शिळ्या कढीला ऊत हे सुचवलं. भाऊंना शंका आली की शिळ्या कढीला खरोखर ऊत येतो का. माझ्या गॅसवर पातेलं चढलं, दोघं दोन बाजूंना उभे राहिले. कढी उतू गेली नाही. फाटली आणि बुडाला लागली. "नलू, ऊत नाही. फाटते," भाऊ एखादा शोध लागल्यासारखे म्हणाले. मी म्हटलं, "फाटते असं लिहा, आणि पातेलं घासून द्या." त्यांनी दोन्ही केलं. पातेलं मी पुन्हा घासलं.

माझ्या धंद्याला मात्र त्यांनी एकदा चांगलाच हात दाखवला. पाहुणा आणि मासळी तिसऱ्या दिवशी वास मारते, अशी तिकडची म्हण आहे. ती भाऊंना इतकी आवडली की सकाळी दात घासताना ते ती मोठ्याने म्हणायचे. पलीकडे खोलीत माझे खरोखरचे तिसऱ्या दिवसाचे पाहुणे! मी गडग्याशी जाऊन तोंड सोडलं. भाऊ ओशाळले. नलूताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, आपलीही तशीच आहे की. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या बाईवर रागावताच यायचं नाही.

मासळी घेऊन येणारी हिराबाय तर भाऊंना घाबरायची. झोपला त्याला मासा मिळत नाही, ही म्हण त्यांनी तिला विचारली. हिराबायने पाटी खाली ठेवली. "कोन बोलला ह्ये? आमचा मानूस डोल बांधतो न् होडीत निजतो. भरतीच्या पान्याबरोबर मासली आपली आपन जाल्यात येते. जागा ऱ्हाऊन काय तिला हाका मारायच्या हायेत?" भाऊ खूश. "नलू, ही म्हण इथे येऊन बुडाली गं!" हिराबाय मला हळूच म्हणाली, "भाऊंचा डोका बरा हाय ना वो?" मी म्हटलं, बरं आहे, फक्त काळ वेगळा आहे.

हे सगळं असं छान चाललं होतं. मग पाचव्या का सहाव्या कादंबरीच्या मध्यावर, एका सकाळी नलूताई वाक्य अर्धं सांगून थांबल्या. भाऊंना वाटलं म्हण अडली. ते म्हणाले, "व्हाया म्हसळा, व्हाया म्हसळा." दोनदा म्हणाले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, मला ऐकू आलं. मग त्यांनी मला हाक मारली, ती हाक वेगळी होती.

अर्धांगवायूचा झटका. आमच्या ह्यांनी गाडी काढली, मुंबईपर्यंत नेलं. नलूताई वाचल्या. काही आठवड्यांनी घरी आल्या त्या उजवा हात मांडीवर ठेवून, तोंड जरासं वाकडं, आणि मराठी गेलेलं. अक्षरशः गेलेलं. पाणी म्हणता येईना, नवऱ्याचं नाव घेता येईना. आपण बोललेलं पुष्कळसं कळायचं, मान हलायची. पण तोंडातून यायचं ते इटालियन, आणि तेही साधं बोलणं नाही, नुसत्या म्हणी. डॉक्टर म्हणाले की पाठ झालेल्या गोष्टी, म्हणजे गाणी, पाढे, शिव्या, म्हणी, कधीकधी अशा वाचतात. पण आईची भाषा जाऊन परकी का वाचली, ते काही त्यांना सांगता येईना.

आता बघा कशी थट्टा झाली ती. आयुष्यभर जिच्या मराठीवर ज्यांचं काम चाललं, ती बाई समोर बसून त्यांना कळत नसलेल्या भाषेत बोलायची. इटालियन त्या मनात वाचायच्या ना, त्यामुळे भाऊंच्या कानांना त्याची सवयही नव्हती. ते मोबाइल तिच्या तोंडाजवळ धरायचे, मोबाइल इंग्रजी सांगायचा आणि भाऊ त्या इंग्रजीचा अर्थ लावत बसायचे.

पहिल्या आठवड्यात नलूताई सारखं "आक्वा इन बोक्का" म्हणायच्या. मोबाइल म्हणाला, तोंडात पाणी. भाऊंनी भांडं तोंडाला लावलं. नलूताईंनी मान फिरवली, पुन्हा तेच म्हणाल्या. भाऊंनी पुन्हा पाणी दिलं, मग चमच्याने दिलं, मग कोमट करून दिलं. शेवटी त्यांनी भाऊंच्या अंगावर चूळ टाकली. संध्याकाळी भाऊंनी पुस्तकात शोधलं तेव्हा कळलं की तिकडे त्याचा अर्थ मूग गिळून बस, कोणाला सांगू नकोस, असा होतो. आळीतली माणसं बघायला येत होती, आणि आपली ही दशा चारचौघांत सांगत बसू नका, एवढंच त्या सांगत होत्या. ओला सदरा घालून भाऊ माझ्याकडे ते सांगायला आले. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. ते म्हणाले, "हसा वहिनी. तीही हसली शेवटी."

भाऊंनी लॅपटॉप मिटून ठेवला. लंडनच्या बाईंनी दुसरा कोणी मदतीला देऊ का विचारलं. भाऊंनी काही उत्तर दिलं नाही. दिवसभर ते तिच्यापाशी बसून असायचे, शाळेतल्या मुलासारखे, वही नाही, पाटी नाही, नुसता कान.

मग ते वाक्य आलं. "कादूतो नेल ग्रेंब्युले, दिवेंतातो सांतो." इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही पाठ झालंय. नलूताई ते भाऊंकडे बघत म्हणायच्या. सकाळी म्हणायच्या, जेवताना म्हणायच्या, भाऊंनी त्यांच्या केसांना तेल लावताना म्हणायच्या. मोबाइलने सांगितलं, एप्रनमध्ये पडला आणि संत झाला.

आता एप्रनमध्ये पडून कोण संत झाला, हे भाऊंनी शोधायला घेतलं. ख्रिस्ती संतांची चरित्रं मागवली. त्यांत विहिरीत पडलेले होते, आगीत पडलेले होते, एप्रनमध्ये कोणी पडलेला नव्हता. लंडनच्या बाईंना लिहिलं, त्यांनी कादंबरी लिहिणाऱ्या मूळ बाईंना विचारलं. त्यांचं उत्तर आलं की अशी म्हण आमच्याकडे नाही, पण सुंदर आहे, पुढच्या पुस्तकात एका जोगिणीच्या तोंडी घालू का? भाऊंनी कळवलं, नको.

मग त्यांना वाटलं की हिला देवाधर्माचं काही हवं असेल. रोज देवळात जाऊन हरिहरेश्वराचा अंगारा आणायचे, फूल आणायचे, प्रसादाची नारळाची शकलं आणायचे आणि तिच्या मांडीवर ठेवायचे. मांडी म्हणजेच एप्रनची जागा, असा हिशोब. नलूताई फूल बाजूला करायच्या, खोबरं तोंडात टाकायच्या आणि चावून झालं की पुन्हा तेच वाक्य म्हणायच्या.

एके दिवशी भाऊ श्रीवर्धनच्या बाजारात जाऊन एप्रन घेऊन आले. प्लास्टिकचा, त्यावर केक छापलेला. स्वतः बांधला आणि अंगणातून फिरून घरात गेले. आळीतल्या बायका दारात आल्या. हिराबाय पाटी डोक्यावर तशीच ठेवून बघत राहिली, "अगो बाय, भाऊ आता हाटेल काढतात काय?" मी गडग्याशी गेले. आत नलूताई हसत होत्या. आजारानंतर मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डाव्या हाताने भाऊंच्या एप्रनचं टोक धरून त्या पुन्हा म्हणाल्या, "कादूतो नेल ग्रेंब्युले, दिवेंतातो सांतो." भाऊ खुळ्यासारखे तिच्यासमोर उभे. "काय गं नलू? काय म्हणतेस?" त्यांनी खूप विचारलं. तिला तेवढंच म्हणता येत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नलूताई गेल्या. झोपेतच गेल्या. आदल्या रात्री पांघरूण घालताना त्यांनी भाऊंना तेच वाक्य सांगितलं होतं.

माणसाला आपल्या माणसाचं शेवटचं बोलणं कळू नये, यापरतं दुसरं दुःख नसेल. पाणी हवं होतं, की देव हवा होता, की काही सांगायचं राहिलं होतं, की भाऊंचं काही चुकत होतं, काही म्हणता काही कळत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर लोकांना वाटलं हळूहळू सावरतील. ते सावरले नाहीत, शोधत राहिले. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर एखादा गोरा पर्यटक दिसला की हे त्याला गाठायचे आणि ते वाक्य म्हणून दाखवायचे. एक जोडपं फार प्रेमाने ऐकून घेत होतं, ते निघालं पोलंडचं. त्यांनी भाऊंबरोबर फोटो काढला. आळीत कुजबूज सुरू झाली. आमचे हेसुद्धा म्हणाले, "भाऊंना मुंबईला कोणाला तरी दाखवायला हवं." मी म्हटलं, "काय दाखवणार? बायको गेली, हे दाखवणार?"

मी एकदा त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, भाऊ, ते अर्धं पुस्तक पुरं करा, मन रमेल. तर म्हणाले, "पुस्तक कोणीही पुरं करील वहिनी. हे एक वाक्य तिने फक्त मला सांगितलंय. ते मी कोणाला करायला देऊ?" मी डबा पाठवायला लागले. हातात कादंबरी नाही, म्हणून नेमही नाही. देईन ते खातात.

गेल्या शनिवारची गोष्ट. चारही खोल्या भरलेल्या, गॅसवर वरण, माझी धावपळ. आमच्या ह्यांना त्याच मुहूर्तावर टाकीचा नळ दुरुस्त करायची लहर आली. प्लंबर कशाला, मी आहे ना, असं म्हणाले आणि पाना फिरवला तो बरोबर उलटा. तीन नंबरच्या खोलीत पाणीच पाणी. ठाण्याहून आलेली एक मुलगी डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून ओटीवर आली. आमचे हे पाना हातात धरून, आपला काही संबंध नसल्यासारखे नारळाच्या शेंड्याकडे बघत होते. ती मुलगी भली होती. हसून म्हणाली, "काकू, काका नेहमीच असं करतात?"

मी बादली घेऊन धावता धावता म्हटलं, "काय करता बाई! पदरी पडलं आणि पवित्र झालं!"

जोगळेकरभाऊ रिकामा डबा द्यायला आले होते, पायरीवर उभे होते. मी पुढे गेले, पाणी काढलं, बादली ओतली, परत आले, तरी ते तसेच उभे. डबा पुढे केलेला, हात तसाच.

"काय म्हणालात वहिनी, आत्ता?"

"कुठे काय? नळाचं म्हणत होते."

"ते नव्हे. पुन्हा म्हणा."

मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाऊनमध्ये होते, अंगावर पदराचा पत्ता नव्हता. पण बोलण्यात तो असतोच.

"पदर," भाऊ म्हणाले. "तिकडे पदर नसतो. मग ती काय म्हणणार? एप्रनच म्हणणार." मग म्हणाले, "आणि सांतो म्हणजे संतच असं नाही. पवित्रालाही सांतोच म्हणतात." डबा त्यांनी खाली ठेवला, फार सांभाळून, जसा काही भरलेला आहे. "वहिनी, ती मराठीच बोलत होती हो. तिला शब्द मिळत नव्हते, म्हणून तिकडचे घेत होती. पण बोलत होती मराठीच."

इतके महिने ते वाक्य मीही ऐकत होते, पाठ केलं होतं, आणि ही म्हण मी जन्मभर दिवसातून एकदा तरी म्हणत आले.

"म्हणजे ती माझ्याबद्दल म्हणत होती," भाऊ म्हणाले.

"मग काय शेजाऱ्याबद्दल म्हणेल?"

ते हसले. खरंच हसले, पूर्वी गडग्यावर आडवे व्हायचे तसे. "आणि मी तिच्या मांडीवर अंगारा ठेवत होतो! देवळात हेलपाटे घालत होतो! एप्रन बांधून..." आणि हसता हसता त्यांचा चेहरा एकदम मोडला. पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. नलूताई गेल्या तेव्हाही ते रडले नव्हते. ती साबण लावलेली मुलगी हळूच आत निघून गेली. आमच्या ह्यांनी पाना खाली ठेवला. मीही रडले, कशाला लपवू?

जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले. "हे चांगलं म्हणतात की वाईट?" असं विचारलं. शिकवणारा माणूस, नक्की अर्थ हवा.

मी म्हटलं, "भाऊ, कौतुक म्हणून कोणी म्हणत नाही. नवऱ्याने काहीतरी घोटाळा केला की म्हणतात. आपण म्हणायचं, दुसरं कोणी त्याला नावं ठेवली तर मात्र खपवून घ्यायचं नाही, अशातलं ते आहे. परत करता येत नाही असं वरवर म्हणायचं, आणि करायचंही नसतं."

"करायचंही नसतं," भाऊ म्हणाले.

"नाहीच."

ते उठले. ऊन डोक्यावर आलं होतं, आतून वरणाचा वास येत होता. गडग्यापलीकडे त्यांचं दार उघडंच होतं.

"असं बायको म्हणाली, की नवऱ्याने काय उत्तर द्यायचं असतं?"

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. "काही नाही हो भाऊ. आमचे हे तर ऐकलंच नाही असं दाखवतात. सरळ म्हणतात, पानं घे."

भाऊंनी मान हलवली. मग आपल्या घराकडे तोंड करून, रोजच्या साध्या आवाजात म्हणाले, "नलू, पानं घे."

आणि आतून ओ येण्याइतका वेळ ते तसेच उभे राहिले.